घरातला आवाज

दुपारी बायकोला कणकण होती म्हणून ती आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडली होती. तो स्वयंपाकघरातून आला आणि दारातूनच म्हणाला, "चहा टाकू का तुला?" एवढंच बोलला. तर ती दचकून उठून बसली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि परक्या माणसाकडे बघावं तशी दाराकडे बघत राहिली. मग तिचे डोळे नेहमीचे झाले. "तू आहेस होय," ती म्हणाली. "मला वाटलं घरात कोणी शिरलंय." हसली आणि परत आडवी झाली. "टाक. साखर कमी घाल."

त्याने चहा टाकला खरा, पण मन त्या पांघरुणापाशीच राहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती रागावली होती, रुसली होती, पाठ करून झोपली होती. पण त्याच्यापासून अंग झाकून घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. ओट्यापाशी उभं राहून त्याने तेच वाक्य पुन्हा पुटपुटून पाहिलं आणि त्याला ते पहिल्यांदाच बाहेरून ऐकू आलं. 'चहा टाकू का', मग एक लांबलेला श्वास, आणि मग 'तुला'. म्हणजे चहा त्याचा, बायको त्याची, विचारणंही त्याचंच. आवाज तेवढा थोरल्यांचा होता. त्याने घसा खाकरला, दोन घोट पाणी प्यायलं, आणि आता आपल्या आवाजात म्हणू या म्हणून तोंड उघडलं, तर आपला आवाज कुठला तेच ध्यानात येईना. घरातली रोज हाताशी असणारी वस्तू नेमकी हवी तेव्हा सापडू नये, तसं झालं. तोंड उघडं ठेवून तो तिथे उभा होता आणि चहा उतू गेला.

थोरले म्हणजे निवेदक. पशुपक्ष्यांवरच्या, नद्यांवरच्या, वाळवंटांवरच्या माहितीपटांना वर्षानुवर्षं त्यांचाच आवाज होता, आणि त्या आवाजाखेरीज हरीण पळतं किंवा नदी वाहते यावर लोकांचा विश्वास बसला नसता. खर्जातला, किंचित खरखरीत, ओल्या वाळूवरून कोणी पाय ओढत चाललंय असा. आणि त्यांची ती लकब: वाक्यातलं शेवटचं क्रियापद राखून ठेवायचं. 'मादी एकदा पिलाकडे बघते, आणि', इथे थांबायचे. घरोघरी जेवणाऱ्यांचे हात थांबायचे. मग अगदी हलकेच, 'निघते.' स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट त्यांना थोरले म्हणायचा आणि हा कामावर आल्यापासून याला धाकटे. थोरल्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं, तेव्हा करकोच्यांवरची एक मालिका अर्धी व्हायची होती. अर्ध्यावर आवाज बदलला तर बघणाऱ्याला सावत्र वाटेल, असं कंपनीतल्या लोकांचं म्हणणं पडलं. थोरल्यांची संमती घेतली आणि हुबेहूब तसं बोलणारा शोधायला लागले. हा तेव्हा मुलांच्या चित्रपटातल्या अस्वलाचा आवाज काढायचा आणि बँकेच्या फोनवर लोकांना प्रतीक्षा करायला सांगायचा. चाचणीच्या दिवशी त्याने काचेच्या खोलीत एकच वाक्य म्हटलं. पलीकडे रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढले, हातातल्या हेडफोनकडेच पाहिलं आणि परत घातले.

ते वाक्य इतकं बिनचूक कसं आलं, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पुढची सगळी तयारी मात्र त्याने नेकीने केली, अगदी शिकाऊ पोरासारखी. सकाळी कोणाशीही एक शब्द बोलायच्या आधी गच्चीवर जायचं, जबडा सैल सोडायचा, हनुवटी जरा आत घ्यायची आणि थोरल्यांचं जुनं ध्वनिमुद्रण कमी गतीने लावून त्यांच्या मागोमाग चालायचं. संहितेवर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करायच्या. थोरल्यांचा श्वास चमत्कारिक जागी संपायचा. कुठलाही शहाणा माणूस तिथे थांबणार नाही अशा जागी. त्याने ठरवलं होतं की यामागे फार मोठा विचार असणार. त्या जागा हेरायला तो जिने चढता चढता वाक्यं म्हणायचा, धापा टाकत. वरच्या मजल्यावरच्या बाई एकदा दार उघडून म्हणाल्या, "काय हो, लिफ्ट बंद आहे का?" तेव्हा त्याने थोरल्यांच्याच आवाजात 'नाही' म्हटलं होतं आणि बाईंनी आदराने दार लावून घेतलं होतं.

पण ती चाचणी. ते वाक्य त्याला येणारच होतं, कारण त्या आवाजावाचून त्याला बोलताच आलं नसतं. लहानपणी तो अडखळायचा. नुसतं त-त-प-प नव्हे. शब्द घशाशी येऊन आडवा पडायचा आणि जबडा दार लावून घ्यायचा. सगळ्यात अवघड त्याचं स्वतःचं नाव. शाळेत नाव विचारलं की पुढची मुलं मागे वळून बघायला लागायची, आणि तो कान लाल करून छताकडे बघत उभा राहायचा. वर्गात त्याला 'गचका' म्हणायचे. वडील टाइपरायटर दुरुस्त करायचे. त्यांच्या बोटांना सतत शाईचा आणि तेलाचा वास. फार मायाळू माणूस. पोराला त्रास नको म्हणून त्याचं वाक्य ते स्वतःच पुरं करायचे. तो 'मला प-' म्हणाला की "पाणी? पाणी हवंय ना बाळा?" त्याला पतंग हवा असायचा. पाण्याचा पेला हातात घेऊन तो प्यायचा, कारण नाही म्हणायला पुन्हा तोंड उघडावं लागलं असतं. कितीतरी पाणी त्याने असं तहान नसताना प्यायलं असेल. आणि मग एका सुट्टीच्या दिवशी शेजारच्यांच्या टीव्हीवर समुद्रातल्या कासवांची फिल्म लागली होती. ती बघून घरी अंघोळीला गेल्यावर बादलीत पाणी पडत होतं त्या आवाजाच्या आडोशाने त्याने सहज थोरल्यांसारखं म्हणून पाहिलं, 'कासव मागे वळून', थांबला, 'बघत नाही.' वाक्य सबंध बाहेर पडलं. कुठे आपटलं नाही, अडलं नाही. त्याने ते पुन्हा म्हटलं. मग स्वतःचं नाव म्हटलं, त्याच आवाजात. साबणाच्या फेसात उभा राहून तो ओलागच्च रडला, आणि बाहेरून आईने दार वाजवलं तेव्हा त्याच आवाजात म्हणाला, "आलोच." पुढे हळूहळू खर्ज उतरला, खरखर गेली, लोकांना कळणार नाही इतका तो आवाज त्याने घासून पातळ केला. पण मूळ कापड थोरल्यांचंच होतं. बायकोला तो दमला की अडखळतो एवढं ठाऊक होतं. एरवी का अडखळत नाही, हे ठाऊक नव्हतं.

म्हणून त्या चहानंतरचे दिवस त्याला जड गेले. चाचणीच्या दिवशी थोरल्यांचा आवाज त्याने काढला नव्हताच. नुसतं वरचं झाकण उचललं होतं आणि आत होतं ते बाहेर आलं होतं. मग आपलं म्हणून खाली काय उरलं? अस्वल? बँकेचा फोन? की तो छताकडे बघणारा मुलगा? घरात तो बोलायचाच कमी झाला. भाजीवाल्याला बोटाने दाखवायचा. बायकोशी मानेने बोलायचा. तिने विचारलं, "घसा जपतोयस का?" त्याने होकाराची मान हलवली, आणि खोटं बोलायलाही आता आवाज लागत नाही, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला.

तरी काम चालू होतं. त्याच्या वाट्याचे पहिले दोन भाग झकास झाले, टीव्हीवरही लागले. आणि तिसऱ्या भागात, काचेच्या खोलीत, समोर पडद्यावर बर्फाच्या डोंगरावरून करकोच्यांचा थवा वर चढतोय, वाऱ्याने मागे फेकला जातोय, अशा वेळी त्याला एवढंच म्हणायचं होतं, 'आणि सगळा थवा परततो.' तो थोरल्यांसारखाच 'थवा'पाशी थांबला. आणि 'परततो' आलं नाही. जबडा मिटला. घशात तो ओळखीचा आडवा ओंडका. इतक्या वर्षांत या आवाजात असं कधी झालं नव्हतं. हे एकच घर होतं जिथे ते दुखणं शिरत नव्हतं. पडद्यावरचे पक्षी केव्हाच खाली उतरले होते. रेकॉर्डिस्टने बटण दाबून विचारलं, "धाकटे, घसा बसला का?" त्याने हाताने खूण केली. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. पुन्हा घेतलं. रेकॉर्डिस्ट भला माणूस, म्हणाला, "आज जाऊ द्या. हवा खराब आहे." बाहेर लख्ख ऊन होतं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. कासव, अंघोळ, वडिलांचं पाणी, ओंडका. सांगताना किती वेळा अडला याची गणती नव्हती. ती कणकण जाऊन आता बरी झाली होती, मांडीवर धुतलेले कपडे घेऊन घड्या घालत होती. तिने घडी घालणं सोडलं नाही, हे त्याला बरं वाटलं. हात थांबवून ऐकायला लागली असती तर तो बोलूच शकला नसता. शेवटी ती म्हणाली, "मग तू त्यांना भेटला नाहीस कधी?"

"न-नाही."

"अरे, एखाद्याच्या घरात इतकी वर्षं राहतोस आणि मालकाला तोंड दाखवलं नाहीस? जा की. काय खातायत का ते तुला?"

थोरल्यांचा फ्लॅट एका जुन्या इमारतीत, दारूच्या दुकानाच्या वर होता. जिन्यात रंगाचे डबे ठेवलेले. त्याला वाटलं होतं तसलं काही नव्हतं तिथे. दाराची घंटा वाजवली तर आतून बाईचा आवाज आला, "कोण आहे?" म्हणजे नाव सांगायचं. एक सोपी वाट होती, रोजची, हातखंडा. पण थोरल्यांच्या दारात उभं राहून त्यांच्याच बायकोला त्यांच्याच आवाजात उत्तर दिलं, तर ती माऊली आत खाली कोसळायची. त्याने स्वतःच्या तोंडाने नाव सांगायला घेतलं आणि पहिल्याच अक्षरावर दातखीळ बसली. दाराला साखळी लावून बाईंनी फटीतून पाहिलं. पिकलेले केस, कानात बारीक खडे. त्या त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दार लावलं नाही. मग साखळी काढत म्हणाल्या, "असू दे. आत बसून सांगा सावकाश."

आत गेल्यावर कसंबसं नाव आलं, पाठोपाठ कंपनीचंही. थोरले खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. त्याला वाटलं होतं मोठं धूड असेल. माणूस चांगला ठेंगणा निघाला, गळ्याला पातळ रुमाल, पायात मोजे. त्यांनी एक छोटं यंत्र गळ्याला टेकवलं आणि त्यातून एका सुरात गुणगुणल्यासारखे शब्द आले, चढ नाही, उतार नाही. "तूच ना तो? माझं काम करणारा?"

त्याने मान डोलावली.

"ऐकले मी दोन्ही भाग. फार बरं बोललोय मी त्यात."

बाई म्हणाल्या, "हे तिथेच बसून चुकासुद्धा काढत होते. इथे मी घाई केली, तिथे मी शब्द खाल्ला. मी म्हटलं, अहो, तुम्ही नाही आहात तो."

थोरल्यांचे खांदे हलले. ते हसत होते. हसण्याला आवाज राहिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "जमतंय का?" आणि तो बोलायला लागला. नीट नाही, तुटत, धडपडत. तिसऱ्या भागात काय झालं ते सांगितलं. त्या आधीचंही, अंघोळीपासूनचं, सगळं सांगितलं. आपण त्यांची वस्तू लहानपणीच उचलून नेली होती आणि इतकी वर्षं परत केली नाही, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं, पण 'परत' याच शब्दावर तो पुन्हा अडला. दोघं नवराबायको वाट बघत राहिले. कोणी मदतीला आलं नाही. शब्द आला.

"त्या थांबण्याबद्दल म्हणतोस?" थोरले यंत्रातून म्हणाले. "क्रियापदाच्या आधी?"

"हो. त्यामागचा व-विचार..."

"दमा होता."

त्याला कळलंच नाही.

"दमा हो," बाई म्हणाल्या. "त्या काचेच्या खोलीत पंखा बंद ठेवायचे ना, आवाज नको म्हणून. यांचा जीव घाबरा व्हायचा. वाक्य लांबलचक, शेवटच्या शब्दाला श्वास पुरायचा नाही. पहिल्या फिल्मच्या दिवशी घरी येऊन डोक्याला हात लावून बसले होते, गेलं म्हणे हे काम. आणि लोकांना तेच आवडलं. मग काय, दमा बरा झाला तरी थांबायचं सोडता येईना."

आपण धापा टाकत जिने चढायचो ते आठवून त्याला हसू आलं. आधी नुसतं आलं, मग आवरेना. थोरलेही खांदे हलवत होते. गच्चीवर किती सकाळी त्याने त्या श्वासांचा अर्थ लावला होता, आणि तो म्हणजे एका घाबरलेल्या माणसाला हवा कमी पडत होती. हसता हसता थोरल्यांनी यंत्र पुन्हा गळ्याला लावलं. "अडकलास की थांब. ढकलायला जाऊ नकोस. ढकलणारा ऐकू येतो. थांबणाऱ्याची लोक वाट बघतात. त्यांना वाटतं, काहीतरी येतंय."

निघताना तो दारापाशी रेंगाळला. विचारावं की नाही. मग बाईंना म्हणाला, "तुम्हाला त-त्रास होत असेल. टीव्हीवर यांचा आवाज, आणि बोलणारा कोणी दुसराच."

"त्याचं काय एवढं?" बाई म्हणाल्या. "तो आवाज आमच्या घरात कधी नव्हताच. तो कामाचा होता. बाहेर जायच्या कपड्यांसारखा. घरी यांचा आवाज केवढा किरटा होता माहितेय? चिरका. भांडायला लागले की खालच्या दुकानातली माणसं वर बघायची. तो टीव्हीवरचा आहे की सगळीकडे. लावला की लागतो. हा घरचा मात्र कुठे धरून ठेवला नाही आम्ही. कोण ठेवतं? 'अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास', हे कोणी रेकॉर्ड करतं का?" आणि हे शेवटचं वाक्य त्या नवऱ्यासारखं म्हणाल्या. किरट्या, घाईघाईच्या, तक्रारखोर आवाजात, मान पुढे काढून. आतून खुर्ची करकरली. थोरले खुर्चीचा हात थोपटत होते आणि त्यांचे डोळे भरले होते, हसून की कशाने ते त्याला सांगता आलं नसतं. बाईंनी पुन्हा तसंच म्हटलं, "आणि हे दार कोणी उघडं टाकलंय?" आणि मग आपल्या आवाजात, "आता मलाच काढावा लागतो. बाकी कोणाला येत नाही."

जिना उतरताना त्याला रंगाचे डबे, त्यांच्यावरचे वाळलेले ओघळ, कठड्याचं गुळगुळीत लाकूड सगळं स्वच्छ दिसत होतं, तापातून उठल्यावर दिसतं तसं. छातीवरून कोणी पाटा उचलावा असं हायसं वाटलं. त्याने घेतलं होतं ते थोरल्यांचं नव्हतंच. म्हणजे होतं, पण त्यांचाही तो बाहेर जायचा डगला. माणूस आत चष्मा शोधत होता. आणि आपल्या आतही कोणी असेल तर तो तो अडणारा मुलगा. त्याला इतकी वर्षं आपण अंघोळीच्या खोलीत कोंडून ठेवलं. गुन्हा तरी काय केला होता त्याने, उशीर लावत होता एवढंच. रस्त्यावर येऊन त्याने फळवाल्याला विचारलं, "प-पपई कशी दिली?" फळवाल्याने भाव सांगितला. आकाश कोसळलं नाही. पपई त्याला आवडत नव्हती. 'प' वरून काहीतरी मागावं म्हणून मागितली होती. तरी त्याने घेतली.

दुसऱ्या दिवशी काचेच्या खोलीत करकोचे पुन्हा डोंगर चढले, पुन्हा वाऱ्याने मागे फेकले गेले. त्याने हनुवटी आत घेतली, थोरल्यांचा डगला अंगावर चढवला आणि म्हणाला, 'आणि सगळा थवा'. मग ओंडका आला. त्याने ढकललं नाही. तसाच उभा राहिला, तोंड किंचित उघडं, हात संहितेच्या कागदावर. पक्षी गोल फिरत होते. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचं बोट बटणाकडे निघालं आणि अर्ध्यातच थांबलं. तो पुढे वाकला होता. थवा खाली, अजून खाली. 'परततो.' शब्द इतका हळू आला की त्याचा त्यालाच नवा वाटला. रेकॉर्डिस्टने ते पुन्हा लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि बटण दाबून म्हणाला, "धाकटे, ठेवू या का हे?"

"ठ-ठेवा," तो म्हणाला. कागद गोळा केले, घोटभर पाणी प्यायला, आणि दार उघडून बाहेर आला तेव्हा थोरल्यांचा आवाज काचेच्या खोलीतच राहिला होता. राहू दे. उद्या लागेल तेव्हा आहेच.

तिसरा भाग लागला तेव्हा रविवारची सकाळ होती. बायको टीव्हीसमोर इस्त्री करत होती, तो भिंतीला टेकून खाली बसला होता. पक्षी डोंगराच्या पायथ्याशी जमले होते आणि तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. तिने टीव्हीचा आवाज बंद केला, इस्त्री उभी ठेवली आणि बोलत राहिली. बहिणीचं बोलणं म्हणजे लवकर आटोपणारं नव्हे. पडद्यावर थवा मुकाट्याने चढला, मागे आला, पुन्हा चढला. तो बघत होता. आवाज मोठा करावा असं त्याला वाटलं नाही. फोन ठेवला तेव्हा करकोचे डोंगरापलीकडच्या एका निळ्या तळ्यावर उतरले होते आणि नावांच्या ओळी वर सरकत होत्या. त्यात त्याचं नाव नव्हतं, असणारही नव्हतं.

"अगंबाई, संपलंसुद्धा?" ती म्हणाली. "पोचले कसे मग ते? मला सांग."

तो सांगायला लागला. थवा म्हणताना अडला नाही, डोंगर म्हणताना अडला, बर्फ म्हणताना फार अडला. तिने एक सदरा संपवून दुसरा पसरला, बाहीवर पाणी शिंपडलं. टीव्हीवर दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं, आवाजाविना. एक म्हातारा करकोचा मागे राहतो आणि त्याच्यासाठी दोघं मागे फिरतात, तिथपर्यंत तो आला होता, आणि पुढचा शब्द येत नव्हता. इस्त्रीखालून वाफ निघत होती. "हं," ती म्हणाली, आणि कॉलर सरळ करत राहिली.